मनकर्णाबाईची तिरडी

अमरावतीच्या इतवारा बाजारात पालेभाजी घेऊन बसणारी मनकर्णाबाई टोपलं उचलायला वाकली, की समोरून जाणारं कॉलेजचं एखादं पोट्टं हमखास ओरडायचं, "हळू उचला रे, कंबर दुखते!" बाकीचे पोट्टे फिदीफिदी हसायचे. बाई सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी त्याच्यावर उगारायची आणि म्हणायची, "माह्या वयात आला म्हंजे समजन तुले." कंबर खरोखरच दुखायची, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पोट्ट्यांचा तरी काय दोष म्हणा. मनकर्णाबाई एका सिनेमात मेली होती, आणि मेलेली बाई रोज मेथीच्या जुड्या विकताना दिसली तर कोण गप्प राहील?

त्या सिनेमाचं नाव 'काळ सोकावला'. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण आपल्याला शाळेतच शिकवतात. मोर्शीच्या गजेंद्र नावाच्या पोराला वाटलं, यावर सिनेमा काढावा. घरात संत्र्याचा धंदा, बाप म्हणे ट्रक लोड करायला ये, आणि हा बसायचा भुताच्या गोष्टी लिहीत. गोष्ट अशी की गावात एक म्हातारी मरते. कोणालाच दुःख होत नाही, पोरं तर तिच्या खोलीत कोणाची खाट टाकायची यावरून भांडतात. मग काळ सोकावतो. दुसऱ्या दिवशी सारं गाव एकदम म्हातारं होऊन उठतं. विशीतल्या पोरांचे दात पडलेले, नव्या नवरीचे केस पांढरे, कुस्तीगीर पोट्टा हातात काठी घेऊन संडासाची वाट विचारतो. घाबरून सारे रडत बसतात, तेव्हा ती मेलेली म्हातारी तिरडीवरून उठते आणि एकेकाला म्हातारं होणं शिकवते. खाली बसायचं कसं, बसल्यावर उठायचं कसं, दात नसताना भाकर कशी खायची, सून बोलली की बहिरं कसं व्हायचं. पैशाच्या नावानं बोंब, म्हणून कॅमेरा लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याचा मागून आणलेला. पोरांच्या तोंडाला भाताची पेज फासून वाळवली की सुरकुत्या पडायच्या, त्या हसलं की गळून पडायच्या.

पण म्हातारी मिळेना. शेंदूरजनाघाटच्या बाजूला, जिथं शूटिंग चाललं होतं, तिथल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी गजेंद्रला हाकलून दिलं. जित्या माणसानं तिरडीवर निजायचं म्हणजे काय चेष्टा आहे? एकीनं तर चप्पल काढली. शेवटी तो हिंडत हिंडत नत्थुजीच्या मळ्यात आला. नत्थुजी आणि मनकर्णाबाई, दोघं नवरा-बायको, संत्र्याच्या बागांच्या मधे सापडलेल्या एका तुकड्यात भाजीपाला काढत. बाई तेव्हा काही म्हातारी नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, एवढंच. पण मळ्यातलं आणि बाजारातलं काम माणसाला वयाच्या पुढे नेऊन ठेवतं.

गजेंद्र म्हणाला, "मावशी, तुमाले काहीच करा लागत नाई. दिवसभर फक्त निजून राह्यचं."

मनकर्णाबाईनं खुरपं खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून भरदिवसा कोणी तिला निजून राहा म्हटलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "जाऊ काय वो?" नत्थुजी म्हणाला, "जाय. पन कंबर सांभाळजो." तिची कंबर तेव्हाही दुखायची. विहिरीच्या पायरीवरून पडली होती ना, तेव्हापासूनची ती.

तर असं तिनं ते काम घेतलं. झोपेसाठी. लोकांना वाटतं तिला हौस होती, नटायची. कसली हौस? थकली होती बाई.

शूटिंगच्या दिवशी हिरवे बांबू तोडून खरी तिरडी बांधली. बाईच्या नाकात कापूस, कानात कापूस, अंगावर हार. ती आडवी झाली आणि खरंच झोपली. उन्हाळ्याचे दिवस, निंबाची सावली, वर कपाळावर थंड बुक्का. गजेंद्र ओरडत होता, "वा मावशी, काय मेल्या तुमी!" तिला कुठं ऐकू येणार. गावात आवई उठली की नत्थुजीची बायको गेली, तर अर्धं गाव धावत आलं. खरं कळल्यावरही कोणी परत गेलं नाही, आलोच आहोत तर चाला म्हणून मागं चालले. एका बाईनं तर सवयीनं सूर लावला. खांदेकऱ्यांतला एक पोट्टा ऐनवेळी भिऊन पळाला, म्हणून घरच्याच धोतर-टोपीत नत्थुजीला पुढच्या खांद्याला लावलं. मनकर्णाबाईला जाग आली ती थेट ओढ्याजवळ, तोंडावर पाणी मारलं तेव्हा. मग तिनं उठून बसायचं होतं, ती उठून बसली. त्या दिवशीचा तिचा पार्ट एवढाच; खोकायचे आणि म्हातारपण शिकवायचे तुकडे तिलाही पेज फासून आधीच काढून झाले होते.

संध्याकाळी शूटिंगवाले निघाले. गावातले वामनराव, वयानं मोठे, त्यांनी बजावलं, "बांधलेली तिरडी वापस न्यायची नसते. तठीच जाळून टाका." ते बरोबरच बोलले. ही रीत साऱ्यांना ठाऊक आहे. पण नत्थुजी पडला माळी माणूस. रस्त्यात सुतळीचा तुकडा दिसला तरी कमरेला खोचणारा. त्यानं बांबूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिरवाकच बांबू हाय. जाळता कायले?" खांद्यावर टाकून घरी घेऊन आला. दोघांनी मिळून त्याचा दोडक्याचा मांडव घातला. गाठी मनकर्णाबाईनंच मारल्या.

त्या वर्षी दोडका असा आला की विचारू नका. तोडून हात दुखायचे. आणि दिवाळीच्या आत एका सकाळी नत्थुजी दोडके तोडायला गेला, त्याच मांडवाखाली बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. गाव म्हणालं, तिरडी रिकामी जात नसते. हिच्यासाठी बांधली होती, ही उठून बसली, मग ती त्याला घेऊन गेली.

मुलगा देवानंद तेव्हा तरणाताठा होता, नुकतंच लग्न झालेलं, पाळण्यात लहानगी मोनाली. बापावर त्याचा भारी जीव. त्यानं तेरवीच्या दिवशी सगळ्यांसमोर आईला शपथ घातली, "ते फिल्म तू कधी पाह्यशीन नाई. नाव घेशीन नाई. तुले माही आन हाय." मनकर्णाबाईनं मान हलवली. गाठी तिच्याच हातच्या होत्या.

पुढे मळा सुटला. देवानंद माल वाहायचा छोटा टेम्पो चालवायला लागला, अमरावतीजवळ मोर्शी रोडला एक तुकडा ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं, घेऊन थोडी भाजीही काढायला लागला. वांगी, मेथी, सांभार, सारं काढलं त्यानं, दोडका मात्र लावला नाही. घरात दोडक्याची भाजी बंद. पितृपक्षात गिऱ्हाईक दोडका मागतं, तर मनकर्णाबाई त्याला शेजारच्या भाजीवालीकडे पाठवून द्यायची. नत्थुजीच्या पानावर सुद्धा कधी दोडका वाढला नाही, आणि त्याला तर तो जिवापाड आवडायचा.

सिनेमाचं म्हणाल तर तो कुठंच चालला नाही. वरुडला एकदा दाखवला, लाईट गेली, लोक घरी गेले. मग कोरोनात घरी कोंडलेल्या पोट्ट्यांना तो मोबाईलवर सापडला आणि याड लागल्यासारखं झालं. आता अकोल्यात दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला पोरं-पोरी मोठ्या हॉलात पडदा लावून तो पाहतात. केसांना पावडर फासून येतात, हातात काठ्या, तोंडाला पेज. साऱ्यांना सारं पाठ, पडद्याच्या आधी ही पोरंच बोलतात. गुडघे धरून एकदम उठतात, एकदम बसतात. विशीतल्या लेकरांना म्हातारपणाची एवढी गंमत का वाटते, देव जाणे. लांब असलं की सगळंच गमतीचं दिसतं.

यंदा पितृपक्ष लागला आणि गजेंद्र इतवाऱ्यात येऊन उभा राहिला. दाढी पिकलेली, पोट सुटलेलं. बाईनं आधी ओळखलंच नाही, पालकाचा भाव सांगितला.

"मावशी, म्या गजेंद्र. या वर्षी अकोल्याले तुमी या. पोट्टे दरवर्षी विचारतात."

"माह्या पोराची शपथ हाय रे बाबू. मले नाई पाह्यता येत."

"मले मालूम हाय," तो म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला. "नत्थुजी काका लई झकास दिसतात हो, मावशी. चालतात, बोलतात."

तो गेला, पण हे शब्द टाकून गेला. मनकर्णाबाईनं त्या दिवशी दोनदा सुटे पैसे देताना चूक केली. बोलतात. नत्थुजी बोलतो त्याच्यात.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली, ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती. नत्थुजीचा आवाज तिला आठवेनासा झाला होता. चेहरा होता; मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला होता, त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसायचा, पण होता. आवाज गेला होता. तो काय बोलायचा ते शब्द आठवायचे, पण मनात ते तिच्याच आवाजात यायचे. रात्री-अपरात्री नाही, भर बाजारात, गिऱ्हाईक नसताना ती आठवून पाहायची, आणि हाती काही लागायचं नाही. जन्मभर ज्याचं बोलणं ऐकून कान किटले, त्याचा एक शब्द शिल्लक नसावा? तिला स्वतःची चीड यायची, आणि मग चिडायचाही कंटाळा यायचा.

घरी जेवताना तिनं देवानंदाला सांगून टाकलं. "मले तुह्या बापाचा आवाज आठवत नाई."

देवानंद भाकर मोडत होता, तो थांबला.

"ते फिल्ममंधी बोलतात म्हन्ते गजेंद्र. मले एक डाव ऐकू दे. मी आता किती दिवसाची? शपथ सोड."

"त्याच फिल्मनं नेलं न त्याईले."

"नेलं असन. गाठी म्याच मारल्या होत्या. अठरा वर्सं झाले, तू मले एका शब्दानं बोलला नाई, पन दोडका लावत नाईस. मले समजत नाई का?"

देवानंदाची बायको आणि कॉलेजात जाणारी मोनाली, दोघी ताटात पाहत बसल्या. देवानंद न जेवताच उठला. मनकर्णाबाईला वाटलं, संपलं. तिनं त्याची अर्धी भाकर टोपल्यात परत ठेवली.

अमावास्येच्या दिवशी पानं टाकली, कढी-वडे-खीर केली, छतावर कावळा आला आणि सगळ्यात आधी वड्याला शिवला. देवानंद खाली येऊन चपला घालता घालता भिंतीकडे पाहून म्हणाला, "सुटली." आई काय म्हणते हे न पाहता पुढे म्हणाला, "पन अमावास्येचं बसनं जायचं नाई. म्या सोडतो टेम्पोनं. आत येनार नाई म्या." शपथ घालणाऱ्यानंच ती सुटली म्हणावं लागतं, नाहीतर सुटत नाही. त्यानं म्हटलं. मनकर्णाबाई नुसती "बरं" म्हणाली आणि लुगडं बदलायला गेली.

अकोल्यापर्यंत टेम्पोत मोनालीसकट तिघं पुढं दाटीनं बसली होती. खड्डा आला की बाईच्या कमरेत कळ जायची. मूर्तिजापूरच्या पुढे देवानंद गाडी अगदी हळू चालवायला लागला.

हॉलच्या दाराशी पोरांनी तिला घेरलं. जो तो पाया पडतो, जो तो फोटो काढतो. पांढऱ्या केसांची, पेजेच्या सुरकुत्यांची ती सारी लेकरं तिच्या भोवती, आणि त्यांच्यात खरी म्हातारी एकटी हीच. मग गर्दी बाजूला झाली. दारात नवीकोरी तिरडी बांधून ठेवली होती. हिरवे बांबू, वर झेंडूच्या माळा.

"आजी, याच्यावर बसा. आमी तुमाले मिरवत आत नेतो," एक पोरगी म्हणाली. तिचे डोळे आनंदानं चमकत होते.

मनकर्णाबाईनं मागं वळून पाहिलं. देवानंद टेम्पोला टेकून उभा होता आणि त्यानं तोंड फिरवलं होतं. ती म्हणाली, "नाई माय. म्या एकदा निजली, तेवढं बस झालं. मले खुर्ची दे." पोरांची तोंडं उतरली, पण त्यांनी खुर्ची दिली. पहिल्या रांगेत, मोनालीच्या शेजारी.

सिनेमा सुरू झाला. चांगला होता की वाईट, बाईला विचारू नका. पडद्यावर एक म्हातारी खाटेवर खोकत होती आणि बाईला वाटलं, ही तर आत्ताची मी. तेव्हा पेजेनं काढलेल्या सुरकुत्या आता पेजेशिवाय आल्या होत्या, बरोबर त्याच जागी. पोरं बोंबलत होती, उठत होती, बसत होती. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ती फक्त एकच माणूस शोधत होती.

आणि तो आला. तिरडीच्या पुढच्या खांद्याला. मळलेली टोपी, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर, डाव्या पायानं थोडा फेंगडा चालणारा. मेलेली बायको खांद्यावर घेऊन तो असा वैतागलेला दिसत होता की जणू बाजाराला उशीर झाला. बाईच्या तोंडून निघालं, "पायात खेटर नाई घातलं पाहा, इतक्या उनात." मागच्यांनी तिरडी धसक्यानं वर उचलली, तशी पडद्यावर त्यानं मागं मान वळवली. तोंड उघडलं.

आणि साऱ्या हॉलनं एका आवाजात आरोळी ठोकली, "हळू उचला रे, तिची कंबर दुखते!"

टाळ्या, शिट्ट्या, काठ्यांचा दणदणाट. नत्थुजीचे ओठ हलले आणि मिटले. तिरडी पुढे गेली.

मनकर्णाबाईनं मोनालीचा हात धरला. "हे कोन म्हन्ते?"

"कोन म्हंजे? आजोबा." मोनाली आजीकडे पाहतच राहिली. "गजेंद्र काकांनी लिहिलंच नव्हतं ते. आजोबा मधातच बोलले, शूटिंग चालू हाय हे विसरून. तेच तर सगळ्यात फेमस झालं. तुले मालूम नोतं?"

नव्हतं मालूम. कानात कापूस होता आणि वर ती झोपलेली. इतवाऱ्यातल्या साऱ्या पोट्ट्यांना ठाऊक होतं, साऱ्या अकोल्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ज्या वाक्यावर ती सांभाराची जुडी उगारत आली, ते तिचा नवरा बोलला होता. आणि आताही तिनं ऐकलं ते या लेकरांच्या आवाजात. त्याचा आवाज तर त्यांनी गिळूनच टाकला.

ती उठली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून, आधी एक गुडघा, मग दुसरा, सिनेमात शिकवते तशीच. पोरांना वाटलं आजी करून दाखवतेय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बंद करा जरा." गजेंद्रनं सिनेमा थांबवला.

"मले त्याईचा आवाज ऐकायचा होता," ती म्हणाली. "तुमी सारे बोलले, मले आयकू नाई आला. ते गेले तेव्हापासून म्या आयकला नाई. एक डाव मांगं घ्या आन् कोनी बोलू नका." मग तिला आठवलं. "मोनाली, तुह्या बापाले बलाव. म्हन आजीनं बलावलं. नाई आला तर म्या इथीच उभी हावो."

देवानंद आला. दाराशीच थांबला, हात मागं बांधून. कोणी खोकलं नाही, कोणी काठी आपटली नाही. गजेंद्रनं सिनेमा मागं घेतला.

टोपी, धोतर, फेंगडी चाल. मान वळली. आणि त्या लग्नाच्या कॅमेऱ्याच्या खरखरीतून, तंबाखूनं बसलेला, घरच्या माणसावर खेकसल्यासारखा, थोडा खाकरून एक आवाज आला, "हळू उचला रे... तिची कंबर दुखते."

एवढंच. हाच तो आवाज. अशाच आवाजात तो म्हणायचा मीठ जास्त झालं, मोटर बंद कर, निज आता. बाई जागची हलली नाही. मागं पांढऱ्या केसांची लेकरं रडत होती, सुरकुत्या ओघळत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं. ती दाराशी गेली आणि मुलाला म्हणाली, "तुह्या बापानं सांगतलं होतं त्या पोट्ट्याईले, माह्यासाठी. म्या झोपली होती."

देवानंदानं तिचा दंड धरला.

उरलेला सिनेमा ते पाहायला थांबले नाहीत. बाहेर आले तेव्हा ती तिरडी तशीच दारात पडलेली होती. गजेंद्र मागं धावत आला, ओशाळून म्हणाला, "मावशी, चूक झाली. हे म्या आताच जाळून टाकतो." देवानंद वाकला, झेंडूच्या माळा बाजूला सारल्या आणि बांबूवरून हात फिरवला. त्याच्या लक्षातही आलं नाही आपण काय बोलतोय.

"हिरवाकच बांबू हाय," तो म्हणाला. "जाळता कायले?"

म्हटलं आणि थबकला. हात तसाच बांबूवर. त्यानं आईकडे पाहिलं, लहानपणी काही सांडलं की पाहायचा तसं.

मनकर्णाबाई फार थकली होती. कमरेत ठणका लागला होता आणि अजून अमरावती गाठायची होती. तिनं टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवला, मोनालीच्या खांद्यावर हात टेकला.

"सोड गाठी अन् टाक मांगं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात दोडका लावू."